ऊन आणि गुलाल : किरणोत्सर्गी रुग्णाच्या शुश्रूषेचा इतिहास

१/
२४ नोव्हेंबर २००९. कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात कामगारांच्या लघवीची नेहमीची तपासणी चालू होती. अणुवीज केंद्रात ही तपासणी ठरावीक काळाने होतच असते. त्या दिवशी मात्र काही नमुन्यांत ट्रिटियमचे प्रमाण असायला हवे त्याहून बरेच अधिक निघाले. शोध घेत अधिकारी एका अगदी साध्या वस्तूपाशी येऊन थांबले. ती वस्तू म्हणजे पिण्याच्या पाण्याचा कूलर.

२/
कैगा काळी नदीच्या काठी, उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. सीमाप्रश्नाच्या चर्चेमुळे कारवारचे नाव मराठी वाचकाला परके नाही. त्या कूलरच्या पाण्यात कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले होते. पन्नासहून अधिक कामगारांच्या पोटात ते गेले होते. अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी हे आतल्याच कोणाचे तरी मुद्दाम केलेले कृत्य असल्याचे सांगितले.

३/
वृत्तपत्रांनी घातपात आणि सुरक्षा यांवर रकाने भरले. एका प्रश्नाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले : या कामगारांवर दवाखान्यात उपचार काय झाले? उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. त्यांना भरपूर द्रवपदार्थ देण्यात आले आणि लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे देण्यात आली. मर्यादेपेक्षा अधिक मात्रा गेलेले कामगार मोजकेच होते.

४/
यामागचे शास्त्र सोपे आहे. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी भाऊ. पाण्याच्या रूपात तो शरीरात जातो आणि पाण्यासारखाच सर्वत्र पसरतो. त्याचे भौतिक अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे. पण शरीर आपले पाणी सतत बदलत असल्याने साधारण १० दिवसांत त्यातला निम्मा बाहेर पडतो. माणूस अधिक प्याला आणि अधिक लघवीला गेला, तर हा काळ आणखी घटतो. त्याचे बीटा किरण इतके दुर्बल असतात की कातडीही ओलांडू शकत नाहीत. म्हणून अशा रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याला त्याच्यापासून किरणांचा धोका नसतो.

५/
शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे, कारण या संपूर्ण धाग्याचा गाभा तिथे आहे. किरणोत्सर्गाने बाधित झालेल्या रुग्णांचा गेल्या काही दशकांचा इतिहास चाळला की एकच गोष्ट वारंवार दिसते. औषधे बहुधा उपलब्ध होती. रुग्णाचा घात केला तो दोन गोष्टींनी : रोग उशिरा ओळखला जाणे, आणि रुग्णाची भीती वाटणे.

६/
पुढे जाण्यापूर्वी एक भेद नीट समजून घेऊ. विसर्जनाच्या मिरवणुकीतून दोघे जण घरी आले आहेत असे समजा. एक दिवसभर उन्हात चालला आहे. त्याची कातडी रापली आहे, कदाचित पोळलीही आहे. पण त्याने ऊन घरात आणलेले नाही. दुसरा गुलालाने माखलेला आहे. तो बसेल ती सतरंजी लाल होईल, ज्याला मिठी मारील त्याचे कपडे लाल होतील, आणि थोडा गुलाल त्याच्या नाकातोंडातही गेलेला असेल.

७/
पहिल्याला किरणांचा ‘संसर्ग’ झाला असे आपण सैलपणे म्हणतो, पण तो चुकीचा शब्द आहे. त्याच्या शरीरातून किरणे आरपार गेली, इजा करून गेली आणि संपली. तो कोणालाही काही देऊ शकत नाही. दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सर्गी द्रव्य आहे. हे दूषण. त्याच्या बाबतीत काळजी घ्यावी लागते, पण ती गुलालासारखीच : कपडे उंबऱ्यावर उतरवायचे, वेगळे बांधून ठेवायचे, साबण आणि कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवायचे, पाणी डोळ्यांत-तोंडात जाऊ द्यायचे नाही. अंगावरचे बहुतेक दूषण कपड्यांबरोबरच निघून जाते.

८/
आणि या सगळ्याच्या आधी एक नियम : जीव पहिला, धुणे नंतर. रक्तस्राव थांबवणे, श्वास मोकळा करणे यासाठी मोजणी-यंत्राची वाट पाहायची नाही. जगभरच्या मार्गदर्शिका हे एकमुखाने सांगतात. हातमोजे, मुखपट्टी आणि झगा घातलेल्या डॉक्टरला अशा रुग्णापासून मिळणारी मात्रा सहसा अत्यल्प असते. हा नियम कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात तो शिकायला किती किंमत मोजावी लागली, ते आता पाहू.

९/
३० ऑगस्ट १९७६, हॅनफर्ड, अमेरिका. हॅरॉल्ड मॅक्लस्की नावाचा ६४ वर्षांचा तंत्रज्ञ हातमोजे बसवलेल्या बंद काचपेटीत अमेरिशियम वेगळे करत होता. पेटीत स्फोट झाला. आम्ल, काचेचे तुकडे आणि अमेरिशियम-२४१ थेट त्याच्या चेहऱ्यात घुसले. हा गुलाल केवळ अंगावर उडालेला नव्हता, तो जखमांतून आत रुतला होता.

१०/
त्याला पाच महिने खास कक्षात वेगळे ठेवण्यात आले. परिचारिका रोज त्याचे अंग धूत आणि जखमांतून बाहेर येणारे कण टिपत. डीटीपीए नावाचे औषध शिरेतून दिले जाई. हे औषध अमेरिशियमसारख्या जड धातूला रक्तात पकडते आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर नेते. मॅक्लस्की वाचला आणि पुढे ११ वर्षे जगला. १९८७ मध्ये तो गेला तो हृदयविकाराने.

११/
खरी कसोटी घरी परतल्यावर लागली. मित्र घरी येईनात. चर्चमधली माणसे अंतर ठेवू लागली. शेवटी धर्मगुरूंना लोकांना समजावून सांगावे लागले की या माणसाजवळ बसणे सुरक्षित आहे. दवाखान्याने शरीर धुऊन दिले होते; समाजाच्या मनावरचा डाग धुणारे औषध कोणाकडेच नव्हते.

१२/
आता ब्राझीलमधले गोयानिया शहर. १३ सप्टेंबर १९८७ रोजी दोघांनी एका सोडून दिलेल्या किरणोपचार दवाखान्यातून यंत्राचा भाग भंगार म्हणून काढला आणि हातगाडीवर घालून घरी नेला. त्यात सीझियम-१३७ होते. पुढे तो भाग भंगारवाल्याकडे गेला. रात्री त्यातून निळसर प्रकाश येतो हे त्याने पाहिले. नवलाची वस्तू म्हणून त्याने ती आप्तेष्टांना दाखवली आणि तांदळाच्या दाण्याएवढे कण वाटलेसुद्धा. एका सहा वर्षांच्या मुलीने ती चमकदार भुकटी अंगाला लावली आणि त्याच हातांनी जेवली.

१३/
उलट्या, जुलाब आणि कातडीवरचे चट्टे घेऊन लोक दवाखान्यांत जाऊ लागले. काहींना उष्णकटिबंधीय रोगांच्या रुग्णालयात ठेवण्यात आले, कारण लक्षणांवरून तसलाच काही रोग वाटत होता. यात डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या शहरात अणुभट्टी नाही, तिथे एखाद्या भंगारवाल्याला पाहून किरणोत्सर्गाची शंका कोणाला येणार?

१४/
शंका पहिल्यांदा आली ती भंगारवाल्याच्या पत्नीला. भोवतालची माणसे एकाच वेळी आजारी का पडत आहेत, याचा विचार तिने केला आणि बोट त्या वस्तूकडे दाखवले. २८ सप्टेंबर रोजी एका माणसाला बरोबर घेऊन तिने तो अवशेष पिशवीत भरला, बसने प्रवास केला आणि आरोग्य कार्यालयात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने मोजणी-यंत्र आणले आणि खुलासा झाला. औपचारिक शिक्षण फारसे नसलेल्या एका बाईने केलेले हे निदान होते. महिन्याच्या आत तिचा मृत्यू झाला.

१५/
शहराच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये १,१२,००० हून अधिक लोकांची तपासणी झाली. २४९ जण दूषित आढळले. २० जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. गंभीर रुग्ण रिओ दि जानेरोच्या नौदल रुग्णालयात हलवण्यात आले. ४६ जणांना ‘प्रशियन ब्ल्यू’ देण्यात आले. होय, चित्रकारांच्या पेटीतला तोच निळा रंग. तो आतड्यात सीझियमला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर काढतो. चार जण दगावले. त्यांत ती सहा वर्षांची मुलगीही होती.

१६/
तिची शवपेटी शिशाचे अस्तर लावून बंद केली होती. तरीही दफनाच्या वेळी मोठा जमाव आडवा आला आणि दगडफेक झाली. गोयानियाच्या लोकांना इतर शहरांतली हॉटेले खोल्या देईनात. आपण दूषित नाही असे दाखले लोक बरोबर बाळगू लागले. अस्पृश्यतेचा इतिहास वाचलेल्या आपल्या पिढीला या दृश्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

१७/
एक पाऊल मागे, चेर्नोबिलकडे. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे अग्निशामक जवान प्रिप्यातच्या रुग्णालयात आले, तेव्हा परिचारिकांनी त्यांचे गणवेश उतरवून तळघरात टाकले. ते गणवेश पुढे अनेक वर्षे तिथेच, किरणोत्सर्ग सोडत पडून राहिले. कपडे उतरवणे हा किती मोठा उपचार आहे, याचा याहून बोलका पुरावा नाही.

१८/
गंभीर रुग्ण विमानाने मॉस्कोच्या रुग्णालय क्रमांक ६ मध्ये नेण्यात आले. तिथे अँजेलिना गुस्कोव्हा यांच्याकडे अशा रुग्णांचा दशकांचा अनुभव होता. १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्ग-व्याधी झाल्याचे निश्चित झाले आणि त्यांतले २८ त्याच वर्षी दगावले. १३ जणांवर अस्थिमज्जेचे रोपण करून पाहिले, पण त्याचा उपयोग फारसा झाला नाही. कातडीवरचे बीटा-दाह हे अनेक मृत्यूंमागचे मोठे कारण ठरले. उरलेले वाचले ते जंतुसंसर्ग टाळणे, रक्तघटक देणे आणि अहोरात्र सेवा करणे या जुन्याच मार्गांनी.

१९/
मग भारतात काय घडत होते? किरणोत्सर्गी अपघातांच्या आंतरराष्ट्रीय याद्यांत मुंबईच्या दोन नोंदी सापडतात : १९८२ मध्ये विक्रोळी आणि १९८३ मध्ये मुलुंड. दोन्हींत इरिडियम-१९२. हे द्रव्य वेल्डिंगचे सांधे तपासण्यासाठी कारखान्यांत वापरतात. दोन्ही ठिकाणी इजा झालेली प्रत्येकी एक व्यक्ती. हे ‘ऊन’ प्रकारातले अपघात, ‘गुलाल’ प्रकारातले नव्हेत. तक्त्यात त्यांना एकेक ओळ मिळाली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी एकेक ओळ अस्वस्थ करते. तिच्यामागे एक माणूस होता, त्याचे पोळलेले हात होते, आणि त्या हातांची मलमपट्टी करणारे आणखी कोणीतरी होते.

२०/
१५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईतच आहे. पण किरणोत्सर्गी रुग्णाच्या शुश्रूषेचा मुंबईतला धडा त्याहून जुना आहे, आणि तो अपघातातून आलेला नाही. १९६३ मध्ये परळला, टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात, भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र सुरू झाले.

२१/
तिथे कंठग्रंथीच्या कर्करोगासाठी रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ तोंडावाटे दिले जाते. म्हणजे रुग्ण काही दिवस स्वतःच किरणांचा स्रोत बनतो. त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. त्याचे सांडपाणी टाक्यांत साठवून, तीव्रता उतरल्यावरच सोडतात. या आयोडीनचे अर्धायुष्य ८ दिवसांचे असते. कर्मचाऱ्यांच्या छातीवर मात्रा नोंदवणारा बिल्ला असतो. थोडा वेळ, पुरेसे अंतर आणि मध्ये आडोसा, या तीन गोष्टींवर सगळे चालते. मोजणी-यंत्राचा आकडा खाली आला की रुग्ण घरी जातो. ज्याला गोयानियात दगड मारले गेले असते, त्याला परळमध्ये जेवणाचे ताट मिळते. फरक प्रशिक्षणाचा आहे.

२२/
तरीही एप्रिल २०१० मध्ये दिल्लीत गोयानियाची छाया पडली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले १९८५ पासून वापरात नसलेले गॅमा-यंत्र फेब्रुवारीत लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथे ते फोडले. आत कोबाल्ट-६० होते. कोबाल्टचा एक तुकडा तर एकाच्या पाकिटात राहिला.

२३/
कातडी काळवंडलेले, केस गळणारे रुग्ण दवाखान्यांत येऊ लागले. अखेर एका रुग्णालयाला किरणोत्सर्गाची शंका आली, त्यांनी नियामक मंडळाला कळवले आणि पथके बाजारात पोहोचली. २६ एप्रिल रोजी एका रुग्णाचा मृत्यू झाला. इतरांवर पांढऱ्या पेशी वाढवणारी औषधे, रक्तघटक आणि प्रतिजैविके यांनी उपचार झाले. जे कळले ते एका सावध डॉक्टरमुळे. जो उशीर झाला तो त्याआधी.

२४/
भीतीने किती जीव जातात, हे २०११ मध्ये फुकुशिमाने दाखवले. त्या अपघातात तीव्र किरणोत्सर्ग-व्याधीने कोणीही दगावले नाही. पण अणुकेंद्राजवळच्या फुताबा रुग्णालयातल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णांना घाईने हलवण्यात आले. बसमध्ये तासन्‌तास, पुरेसे डॉक्टर आणि औषधे नसताना. या स्थलांतरात आणि त्यानंतर लगेच ४० हून अधिक रुग्ण दगावले. किरणांपासून वाचवण्यासाठी त्यांना बाहेर काढले होते.

२५/
आता पुन्हा कैगाकडे. या सगळ्या घटनांच्या रांगेत कैगा उजवे का ठरते? उपचार चमत्कारिक होता म्हणून नव्हे. कोणाला काही त्रास होण्याआधीच लघवीची तपासणी झाली म्हणून. त्या कामगारांच्या नोंदी होत्या, नियमित चाचण्या होत्या, आणि हे काय असते ते जाणणारा दवाखाना वसाहतीतच होता. मायापुरीतल्या मजुराकडे यांतले काहीच नव्हते. दूषित झालेले पाणी आणि दूषित झालेले भंगार यांतले अंतर विज्ञानाचे कमी आणि समाजातल्या स्थानाचे जास्त आहे.

२६/
हे सगळे छत्रपती संभाजीनगरात बसून लिहिताना एक योगायोग मनात येतो. १९५६ मध्ये तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली आणि त्याच वर्षी आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे रुग्णालय म्हणजे आपली घाटी. बीड, जालना, परभणीपासून रुग्ण जिथे येतात तीच घाटी. औद्योगिक वसाहती आणि भंगाराचा धंदा ज्या शहरात शेजारी नांदतात, तिथे असा रुग्ण उद्या आलाच, तर तो अणुशास्त्रज्ञाकडे जाणार नाही. तो अपघात विभागाच्या रांगेत उभा राहील, आणि आपल्याला काय झाले आहे हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसेल.

२७/
त्याला ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. आग न लागता भाजल्यासारखी कातडी. कारण न सापडणाऱ्या उलट्या. मग काही दिवस बरे वाटणे. नंतर केस गळणे, ताप, रक्तस्राव. एकाच घरातले किंवा एकाच दुकानातले अनेक जण आजारी. आणि एक चाचणी, जी तालुक्याच्या गावीही होते : रक्तपेशींची मोजणी. ती काही तासांच्या अंतराने पुन्हापुन्हा करायची. लिम्फोसाइट पेशी किती वेगाने घटतात, यावरून शरीराला मिळालेल्या मात्रेचा अंदाज बांधता येतो. उलटी किती तासांनी झाली, हेही तेच सांगते.

२८/
आणि एक प्रश्न, जो गोयानियात त्या बाईने स्वतःलाच विचारला : ‘नवीन काय आणले होते?’ कोणती वस्तू फोडली, कोणता धातू हाताळला, खिशात काय ठेवले. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने एक नवे धोकाचिन्ह आणले : लाल त्रिकोणात किरणे, कवटी आणि पळणारा माणूस. तीन पात्यांचे जुने पिवळे चिन्ह सामान्य माणसाला काहीच सांगत नाही, हे मान्य करायला जगाला इतकी वर्षे लागली.

२९/
इतिहासाच्या पुस्तकांत अणुयुग म्हणजे बॉम्ब, करार आणि नेते. त्या युगाचा एक इतिहास रुग्णालयांतही घडला : हॅनफर्डमध्ये रोज जखम धुणाऱ्या परिचारिकांचा, प्रिप्यातच्या तळघराचा, परळमधल्या ताटाचा. या माणसांना काय मिळाले, ते पुन्हा एकदा पाहावे. पाणी, साबण, एक निळा रंग, रक्ताची चाचणी, आणि न घाबरता जवळ येणारे कोणीतरी. यांतली पहिली चार साधने घाटीतही मिळतील किंवा मागवता येतील. पाचवे आधीच शिकून ठेवावे लागते.

३०/
धागा इथे संपतो. तुमच्या घरात कोणी परिचारिका, डॉक्टर किंवा भंगाराच्या धंद्यात असेल, तर सहावा आणि सातवा भाग त्यांना जरूर वाचून दाखवा. ऊन आणि गुलाल यांतला फरक ज्याला कळला, तो अशा रुग्णापासून पळणार नाही.